उन्हात तळं सोडणाऱ्या गडदे मॅडम

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त कोणाचा ऋणी असेन, तर तो लीलावती गडदे मॅडमचा. आई-वडिलांचं ऋण वेगळं, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही. पण शिकून बाहेर पडल्यावर त्या शिक्षणाचं करायचं काय, हे मला ज्यांनी दाखवलं त्या या बाई. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. पालमजवळच्या आमच्या वाडीत माझ्या निकालाचे पेढे वाटले तेव्हा एका म्हाताऱ्याने वडिलांना विचारलं होतं, "म्हंजी आता ह्यो काय दुरुस्त करणार?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो होतो आणि मला काही सांगता आलं नाही. सांगण्याजोगं काही सापडलं ते पुढे, परभणी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या मागच्या खोलीत.

गडदे मॅडम तिथे नाल्या आणि तळं बघणाऱ्या अभियंता होत्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, सुती साडी पिना लावून घट्ट बसवलेली, पायात बाराही महिने पावसाळी चपला. जन्म जिंतूरकडच्या मेंढपाळाच्या घरातला. लहानपणी मेंढरांमागे चालून त्यांना जी चाल लागली ती पुढे सुटली नाही. सावकाश निघायच्या, पण थांबायच्या नाहीत, आणि बरोबर चालणाऱ्याची दमछाक व्हायची.

मी मुलाखतीला प्रमाणपत्रांची फाइल नेली होती. ती त्यांनी उघडलीच नाही.

"घर कुठलं?"

"पालमजवळची वाडी, मॅडम."

"तुमच्या दारात पाऊस पडला तर पाणी कुठं जातं?"

"ओढ्यात."

"आन् ओढा?"

"गंगेला." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.

"मधी कुणाकुणाच्या दारातून जातं?"

खरोखर मला माहीत नव्हतं.

"न्हाई ना सांगता येत? मग या सोमवारपासून. सगळं येतं म्हणणारे दोन येऊन गेले सकाळीच."

अशी मला कंत्राटी नोकरी लागली. मॅडम वयाने, हुद्द्याने एवढ्या मोठ्या, पण मला कायम 'तुमी' म्हणायच्या. रागावल्या की मान आणखी वाढायचा. 'बालाजी'चं 'बालाजीराव' झालं की समजायचं, काहीतरी बिनसलंय. आणि 'बालाजीराव साहेब' ऐकू आलं तर समोरून निघून जाणंच बरं.

त्यांच्या पर्समध्ये पैशांपेक्षा मुरमुरे जास्त असत. पाऊस सुरू झाला की कचेरीतली माणसं खिडक्या लावायची आणि मॅडम बाहेर पडायच्या. छत्री नाही, काही नाही. रस्त्याच्या कडेने पाणी वाहू लागलं की मूठभर मुरमुरे त्यात टाकायच्या आणि त्यांच्या मागे चालू लागायच्या. मुरमुरे कुठे वळतात, कुठे गोल फिरत राहतात, कुठल्या ओट्याखाली नाहीसे होतात, हे सगळं बघायचं. नकाशात गावाचा उतार एक असतो, म्हणायच्या, आणि पाण्याच्या मनातला दुसरा. मधल्या काळात लोकांनी ओटे वाढवलेले असतात, कोणी नालीवर फरशी टाकून दुकान थाटलेलं असतं. उरलेले मुरमुरे त्या चालता चालता खायच्या. मलाही द्यायच्या. भर पावसात ओले मुरमुरे खात, नालीत बघत चाललेली दोन सरकारी माणसं पाहून लोक काय म्हणत असतील याची त्यांना कधी फिकीर नव्हती. मला होती. पुढे तीही गेली.

आता त्या गावाचं दुखणं सांगितलं पाहिजे. गाव काळ्या मातीवर वसलेलं. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की ती फुगते, भेगा मिटतात, आणि मग वरचं पाणी वरच राहतं. गावाच्या वरच्या अंगाला निजामाच्या काळातलं तळं. तळं भरलं की सांडव्यावरून उसळून नाल्यात येतं. नाला बाजारातून, बसस्थानकाच्या मागून खाली उतरतो आणि शेवटी खालच्या गल्लीला भिडतो. मोठा पाऊस झाला की तळ्याचं आणि गावाचं पाणी एकाच वेळी त्या गल्लीत शिरायचं. आणि त्याच गावात मे महिन्यात टँकर फिरायचे.

यावर एक उपाय कागदावर तयार होता. नाला रुंद करायचा, दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या भिंती बांधायच्या आणि पाणी लवकरात लवकर गावाबाहेर काढायचं. त्यासाठी खालच्या गल्लीतली नाल्याकाठची घरं पाडावी लागणार होती. मॅडमचं म्हणणं होतं, घरं पाडायची गरज नाही. पाणी वरच जागोजाग अडवलं, मुरवलं आणि तळ्यात पावसाआधी जागा केली, तर खाली येईल तेवढं पाणी आहे त्या नाल्यात मावेल. खूप भांडून त्यांनी पावसाळ्यापुरती मुदत मिळवली होती. मुख्याधिकाऱ्यांना गावात सगळे सीओ साहेबच म्हणत. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, या पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरलं तर मी तुमचं काही ऐकणार नाही. दिवाळीनंतर मशीन लागेल."

मशीन म्हणजे जेसीबी.

त्या घरांपैकी नाल्याला सगळ्यांत लागून असलेलं घर सोजरमावशींचं. मावशी विधवा, मोलमजुरी करून मुलाला शिकवणाऱ्या. त्यांच्या गल्लीत मृगापासून दसऱ्यापर्यंत घरातली प्रत्येक वस्तू विटांवर असायची. खाट विटांवर, कपाट विटांवर, पिठाचा डबा विटांवर. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा मॅडमनी मला बाहेर आल्यावर एवढंच सांगितलं, "आपण वर काय करायलाव ते हिथं मोजलं जाणार हाय."

काम दोन प्रकारचं होतं. एक मॅडमचं, एक माझं. मॅडमचं काम म्हणजे पाझर वाफे. शाळेच्या मैदानाच्या कडेला, बसस्थानकासमोर, बाजाराच्या उतारावर रस्त्यापेक्षा खोल वाफे खणायचे, काळी माती काढून टाकायची, तळाला गिट्टी, वर मुरूम आणि वाळू भरायची, त्यात वाळ्यासारखी झाडं लावायची. रस्त्यावरचं पाणी वाफ्यात उतरेल, थोडं मुरेल, उरलेलं तळाच्या पाइपातून हळूहळू नाल्यात जाईल. सरकारी कागदात याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. गाव म्हणायचं 'मॅडमचे खड्डे'.

पहिली लागवड शेळ्यांनी खाल्ली. एका सकाळी जाऊन बघतो तर बसस्थानकासमोरच्या वाफ्यात नुसती खोडं. मॅडम कंबरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या, मग हसायला लागल्या. "धनगराची पोर मी. आन् शेळीलाच इसरले." तिथूनच त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ अजून मेंढरं राखतो. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"दादा, शेळी काय खात न्हाई?"

"शेळी व्हय? शेळी लोकाच्या थापा खात न्हाई, बाकी समदं खाती."

"नीट सांग रं."

"अडुळसा लाव. त्याला त्वांड लावत न्हाई कुणी. पण त्वा एवढी शिकून हे मला इचारायलीस?"

"तुलाच इचारणार. शेळ्या तुज्याकडं हायेत."

मग प्रत्येक वाफ्याच्या कडेने अडुळशाचं कुंपण उभं राहिलं, आणि आत वाळा वाढला. खोकला झालेली निम्मी पोरं तिथूनच पानं न्यायची.

दुसरा घोटाळा शेळ्यांनी नाही, माणसांनी केला, आणि तोही मायेपोटी. खालच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही एक वाफा केला होता. महिन्याभरात त्यात पाणी तुंबू लागलं, डास झाले. बघायला गेलो तर वर काळाभोर थर. सोजरमावशी पुढे आल्या.

"मॅडम, नुसत्या वाळूत झाडं कशी जगायची? मला बघवंना. तळ्याचा गाळ आणून घातला चांगला चार-सहा टोपली. बायका समद्या लागल्या हाताला."

आमच्या भागात गाळ म्हणजे सोनं. शेतात गाळ टाकणारा माणूस शहाणा. त्यामुळे त्या बायकांनी आपल्या परीने त्या वाफ्याला तूप वाढलं होतं. त्याच गाळाने त्याचा गळा धरला. मला वाटलं आता मॅडमचं 'मावशीबाई साहेब' सुरू होणार. पण त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, चहा करता का? आन् एक तांब्या पाणी आणा."

पाणी त्यांनी वाफ्यात एका जागी ओतलं. मग थोडा गाळ हाताने उकरून खालची वाळू उघडी केली आणि तिथे दुसरा तांब्या ओतला. आम्ही ओट्यावर चहा प्यालो. चहा संपेपर्यंत वाळूतलं पाणी गेलं होतं. गाळावरचं तसंच चमकत होतं, त्यात एक मुंगी पोहत होती.

मावशी उठल्या, पदर खोचला आणि कोणाला न विचारता फावडं घेऊन आल्या. गाळ उचलून त्यांनी आपल्या परसातल्या वांग्यांना घातला. तेव्हापासून त्या गल्लीत वाफ्याची परीक्षा ठरून गेली. चहा होईपर्यंत तांब्याभर पाणी जिरलं पाहिजे. न जिरलं तर बायकाच नगरपालिकेत येऊन उभ्या राहायच्या.

माझं काम तळ्यावर होतं. तळ्याच्या बांधात एक जुनं गेट होतं. त्याला आम्ही सौर पॅनेलवर चालणारी मोटर बसवली, पाण्यात पातळी मोजणारा सेन्सर लावला आणि एका पेटीत छोटा संगणक ठेवला. ती पेटी मोबाइलच्या सिमकार्डावरून हवामानाचा अंदाज घ्यायची. मोठा पाऊस येणार आणि तळं भरलेलं आहे असं दिसलं की गेट आधीच थोडं उघडायचं, तळ्यात जागा करायची, म्हणजे पाऊस आला की तो तळ्यात थांबेल, सांडव्यावरून गल्लीत उतरणार नाही. कागदावर हे इतकं सोपं होतं की मला ते गावाला समजावून सांगायची गरजच वाटली नव्हती.

श्रावणात ती वेळ आली. तळं काठोकाठ, आभाळ स्वच्छ, ऊन कडक, आणि पेटीने मोठ्या पावसाचा अंदाज धरून गेट उघडलं. भर उन्हात नाला वाहू लागला तसे लोक बांधाकडे धावत आले. जिथे पाण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या, तिथे भरलेलं तळं कोणी आपल्या हाताने सोडतं, हे त्यांना बघवलं नाही. मॅडम सगळ्यांना सांगत राहिल्या, पाऊस येणार आहे. संध्याकाळी ढग आले, गडगडले, आणि पूर्णेच्या बाजूला निघून गेले. आमच्याकडे रस्ता भिजेल एवढंही पडलं नाही. पुढचे कित्येक दिवस कोरडे गेले. तळं निम्म्यावर आलं होतं, गावातले बोअर खाली गेले.

मग काय विचारता. बाजारातून जाताना कोणीतरी ओरडायचं, "मॅडम, आज तळं सोडणार हाव का? चादरी धुवायच्यात." कापडाचं दुकान असलेले दिगंबरशेठ सगळ्यांत पुढे. त्यांच्या बोअरचं पाणी आटलं होतं. एका सकाळी आमच्या पेटीवर कोणीतरी लिंबू-मिरची बांधलेली दिसली. मी काढायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या. अंदाज सांगणारा तेवढाच एक वाढला."

पण मला त्यांची खरी ओळख पटली ती बसस्थानकावरच्या हॉटेलात. तिथे माणसं बसली होती, शेठही होते. मॅडम आत गेल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला. तळ्याचं पाणी गेलं, ते परत येत न्हाई. तुमची तकलीफ खरी हाय." एवढं बोलून त्यांनी दोन चहा सांगितले, एक स्वतःला, एक मला. ज्याच्याशी भांडायचं त्यानेच आधी कबूल केलं की भांडणाऱ्याची पंचाईत होते.

नगरपालिकेत सभा लागली. यंत्र काढून टाकावं आणि नाल्याच्या रुंदीकरणाचं काम मंजूर करावं, असा विषय होता. मला वाटलं होतं, मॅडमच बोलणार. सभागृहाच्या दाराशी त्यांनी मला सांगितलं, "तुमी बोला."

"मॅडम, मला एवढ्या लोकांत..."

"यंत्र कुणी बसवलं?"

मी चार पानं लिहून आणली होती. त्यात पुस्तकातले शब्द होते. त्यांनी पानं माझ्या हातातून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. "घरी आईला कसं सांगितलं असतं, तसं सांगा. करायलाय, जायलाय, सगळं येऊ द्या तोंडात."

कॉलेजमध्ये माझ्या बोलण्याला मुलं हसायची, म्हणून मी ते झाकायला शिकलो होतो. त्या दिवशी उभा राहिलो आणि पहिल्यांदा तसाच बोललो. मी म्हणालो, "आमच्या वाडीला टँकर यायचा. दारात एक टिपाड. टँकर यायच्या दिवशी माजी आई टिपाड रिकामं करून ठिवायची. भरलेलं टिपाड घिऊन टँकरपुढं उभं राहून काय करणार? पाणी वरून वाहून जाणार. तळं म्हंजी आपलं टिपाड हाय."

लोक ऐकत होते. तेवढ्यात दिगंबरशेठ मागून म्हणाले, "आन् टँकर आलाच न्हाई तर, बाळा?"

सगळं सभागृह हसलं. सीओ साहेबही हसले. माझे कान तापले. पण मी आठवून उत्तर दिलं, कारण ते खरं होतं. "कैकदा यायचा न्हाई, शेठ. पण आई टिपाडातलं पाणी फेकत न्हवती. घागरी, कळश्या, शेजारच्या काकूचा हंडा, जे घावंल ते भरून ठिवायची. टिपाड रिकामं, पण पाणी घरातच."

मी बसलो. मॅडम मागच्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या आणि ओठ हलत होते. मला वाटलं, मी काम बिघडवलं. सभेत निर्णय काही झाला नाही, पावसाळा संपेपर्यंत थांबू, एवढंच ठरलं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बालाजी, आपल्या घागरी कुठं हायेत?"

"कसल्या घागरी, मॅडम?"

"गावातले आड. नळ आल्यापासून बुजायलेत सगळे. तळं सोडायचंच तर नाल्यात कामून सोडायचं?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आड शोधत फिरलो. जुन्या गावात जवळजवळ प्रत्येक गल्लीला एक आड होता. कोणी त्यावर फरशी टाकली होती, कोणी कचरा. मॅडमनी ते साफ करून घेतले आणि तळ्याच्या गेटपासून एक चर काढला. त्यात वाळू-गिट्टीची गाळणी. सोडलेलं पाणी आधी त्या आडांत जाणार, तिथून जमिनीत मुरणार, आणि तरीही उरलं तर नाल्यात. गेटही एकदम उघडायचं नाही, थोडं थोडं. "मेंढरं एका दमात सोडली की चेंगरतात," त्या म्हणाल्या.

सगळ्यांत मोठा आड निघाला दिगंबरशेठच्या परसात. मॅडम मला घेऊन त्यांच्या दुकानात गेल्या.

"शेठ, तुमच्या आडात तळं सोडायचंय."

"आधी गावाचं घालवलं, आता माझ्या घरात घालता?"

"तुमचा बोअर आडापासून किती लांब हाय?"

शेठनी मनातल्या मनात अंतर मोजलं. मग त्यांनी गड्याला हाक मारली, "मॅडमला खुर्ची दे रे. आन् परसातलं कुलूप काढ."

भादव्यात तळं पुन्हा भरलं. मग एका दुपारी, पुन्हा तसंच कडक ऊन, आणि पेटीने पुन्हा मोठा पाऊस सांगितला. गेट उघडू लागलं. या वेळी चरातून पाणी आडांकडे वळलं, तरी बांधावर गर्दी झालीच. एकदा पोळलेलं गाव होतं. तेवढ्यात सीओ साहेबांचा फोन आला. गेट हाताने बंद करा, वरून विचारणा होत आहे, मी स्वतः येतो.

मॅडमनी वाद घातला नाही. साहेबांची गाडी आली तशा पुढे होऊन म्हणाल्या, "बंद करायचं तर करू, साहेब. फक्त हिथं बांधावर नको ठरवायला. खाली चला माझ्यासंगं."

त्या त्यांना खालच्या गल्लीत सोजरमावशींच्या घरी घेऊन गेल्या. साहेब दारात थबकले. घरातलं सगळं विटांवर. मावशींनी खाटेवरची गोधडी झटकली. "बसा साहेब. पाय वर घिऊन बसा. खाली वल हाय अजून मागच्या पावसाची."

साहेब खाटेवर बसले. पाय आधी खाली होते, मग त्यांनी वर घेतले. मावशींचा मुलगा विटांवर ठेवलेल्या टेबलाशी अभ्यास करत होता. त्याला वर बघायला सवड नव्हती. मॅडम दाराशी उभ्या होत्या. मावशीच बोलल्या.

"घर पाडायचं म्हणतेत ना साहेब? कवा पाडणार ते जरा आधी सांगा. पोराची परीक्षा झाल्यावर पाडलं तर बरं व्हईल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्या खरंच तारीख विचारत होत्या. साहेबांनी मावशींच्या चहाची बशी खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही, म्हणून हातातच धरून ठेवली. मग त्यांनी फोन काढला आणि बांधावरच्या माणसाला सांगितलं, "राहू द्या उघडं."

नंतर तासभर कोणी जागचं हललं नाही. मी दारातून आभाळाकडे बघत होतो. ऊन तसंच. सीओ साहेब घड्याळाकडे बघत होते. मला जिंदगीत एवढी भीती कधी वाटली नव्हती. माझी नोकरी जाईल ही भीती नव्हती. त्या खाटेची होती.

दिवस कलायच्या आधी पश्चिमेकडून ढग आले आणि या वेळी थांबले. असा पाऊस कोसळला की समोरचं घर दिसेना. मॅडम लगेच बाहेर. साहेबांनाही राहवलं नाही, तेही भिजत दारात आले. नाला फुगला, गढूळ पाणी काठाला लागलं, मावशींच्या ओट्याची पहिली पायरी बुडाली. दुसरी बुडाली. मावशींनी मुलाला हाक मारली, "दप्तर वर घे." आणि पाणी तिथेच थांबलं. ओट्याला थपडा मारत राहिलं, पण वर आलं नाही. वर तळ्याला त्या दिवशी सांडव्यावरून एक थेंबही सांडावा लागला नाही.

सगळंच साधलं असं नाही. बाजारातला एक वाफा वाहून गेला. नाल्याच्या वळणावरच्या दोघांच्या अंगणात पाणी शिरलं, ते मॅडमनी दुसऱ्या दिवशी सभेत स्वतःहून सांगितलं. पण जेसीबी त्या दिवाळीनंतर आली नाही. दिगंबरशेठ आता बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला आड दाखवतात आणि सांगतात की ही कल्पना मुळात त्यांचीच. मॅडमनी ते एकदा ऐकलं आणि मान डोलावून म्हणाल्या, "शेठचीच हाय."

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. सत्कार झाला, शाल झाली. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जिंतूरच्या एसटीत. खिडकीशी जागा मिळाली होती आणि मांडीवर पिशव्यांमधली रोपं. कंडक्टर म्हणत होता, झाडांचं लगेज लागेल. "लावा," त्या म्हणत होत्या, "पण मग ह्यास्नीबी खिडकी द्या." मागे बसलेली माणसं हसत होती. मला खूप काही बोलायचं होतं. गाडी हलली तशा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, आणि मी पुढे धावलो. त्या म्हणाल्या, "बांधावर बाभूळ उगवलीय, मुळं आत जायच्या आधी काढून घ्या." गाडी निघून गेली. बाभूळ मी त्याच दिवशी काढली.

जे बोलायचं राहिलं ते दोन वर्षांनी पत्रात लिहिलं. मॅडम फोनवर फार बोलत नाहीत, पण पत्र जपून वाचतात. ते पत्र असं:

"आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार. माझी नवीन ठिकाणची नोकरी पक्की झाली. हे गाव मोठं आहे, इथेही तळं आहे आणि इथेही खाली एक वस्ती आहे. आल्यावर आधी महिनाभर फक्त फिरलो. आज सकाळी इथलं गेट पहिल्यांदा उघडलं. हे पत्र मी बांधावर बसून लिहितो आहे. ऊन आहे. लोक जमले आहेत आणि मला बरंच काही म्हणत आहेत. तुमच्यासारखं मला शांत राहता येत नाही, अक्षरावरून तुम्हाला कळेलच. पाऊस येईल की नाही, माहीत नाही. गेट मी बंद केलेलं नाही. खालच्या वस्तीत जाऊन आलो, आडही आधीच साफ करून ठेवले आहेत.

मॅडम, आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने विचारलं होतं, मी काय दुरुस्त करणार. ते आता नाहीत. पण वडिलांना मी सांगितलं. ते म्हणाले, मग बाईंना आपल्या घरी जेवायला आण एकदा.

मागच्या आठवड्यात आपल्या गावी जाऊन आलो. नाल्याच्या रुंदीकरणाचा विषय सभेने कायमचा काढून टाकला. सोजरमावशींचा मुलगा नोकरीला लागला. एवढी वर्षं पाडणार पाडणार म्हणून त्यांनी घराला हात लावला नव्हता. आता पत्रे काढून स्लॅब टाकायचा आहे. त्यांचा निरोप आहे की स्लॅबच्या दिवशी मॅडमनी यायचं, आणि कोरडा दिवस बघून तारीखही मॅडमनीच द्यायची. मी म्हणालो, मावशी, मॅडमचा अंदाजही चुकतो. त्या म्हणाल्या, 'चुकू दे की. ताडपत्री आणून ठिवते.'

तारीख कळवावी.

आपला,
बालाजी"